उरलेल्या घोड्याचा विमा

घोड्याशी आमच्या घराण्याचा संबंध आला तो एकदाच. माझ्या लग्नात, पाऊण तासापुरता. घोडा भाड्याचा, फेटा भाड्याचा आणि चेहऱ्यावरचा रुबाबही बहुधा भाड्याचाच. ढोलाचा पहिला ठोका पडला, घोडा दोन पावलं मागे सरकला, आणि त्या क्षणी मी कुलदैवताला जे काही कबूल केलं ते अजून फेडायचं राहिलंय. त्यामुळे इंग्लंडातल्या लेस्टरशायरमध्ये चौदा वर्षं काढल्यावर आमची अकरा वर्षांची कन्या जेवताना म्हणाली, "बाबा, मला पोनी हवा," तेव्हा मी मनापासून हसलो. तिची आई हसली नाही, हे जरा उशिरा लक्षात आलं.

खरेदीची कहाणी इथे सांगत नाही, ती वेगळी जखम आहे. एवढंच सांगतो, की मार्चमधल्या एका रविवारी मफिन नावाच्या तट्टाचा दोर माझ्या हातात आला. देताना विकणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, "विमा केलात ना?"

"आज रात्री करतो की."

बाईंनी दोर परत घेतला. "मग उद्या न्या," म्हणाल्या.

गाडीचा विमा मी दहा मिनिटांत उरकतो, म्हणून याला वीस धरली आणि साडेसातला लॅपटॉप उघडला. पहिलाच प्रश्न: घोड्याचं पासपोर्टवरचं नाव. इथे घोडा असो, गाढव असो की खेचर, पासपोर्ट लागतोच. आणि इंग्लंडात 1 ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येकाच्या मानेत मायक्रोचिपही सक्तीची आहे. माझा पहिला पासपोर्ट पोलीस पडताळणीत चार महिने अडकला होता. मफिनला त्याचा मिळाला तो आईचं दूध सुटायच्या सुमारास, आणि त्याच्या शेजाऱ्यांकडे कोणी चौकशीला गेलं नव्हतं. शिवाय मफिन हे झालं घरचं नाव. कागदावरचं नाव वेल्श भाषेतलं. मी 'ळ' म्हणणाऱ्यांच्या मुलखातला माणूस, आपल्याला कुठला उच्चार जड जाणार अशी घमेंड होती. वेल्शमधल्या दोन जोडीच्या 'एल'नी ती दोन मिनिटांत उतरवली. जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडायची म्हणे. मी सोडली. कन्या म्हणाली, "बाबा, कुकर झाला का?"

पासपोर्टात फोटो नसतो, घोड्याचं रेखाचित्र असतं. अंगावरचे पांढरे पट्टे रेखाटलेले आणि केसांचे भोवरे फुल्या मारून दाखवलेले. हे मी आईला पुण्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिला फार बरं वाटलं.

"म्हणजे तिकडेही भोवरे बघतात! गळ्याशी देवमणाचा शुभ भोवरा आहे का बघ. तुझे पणजोबा भोवरा बघितल्याशिवाय घोड्याला हात लावत नसत."

"आई, पणजोबा पोस्टात होते."

"पोस्टात असले म्हणून काय झालं?"

मग तिला पुढचं पान दिसलं. तिथे मालकाने सही करून सांगायचं असतं, की हा प्राणी माणसाच्या खाण्यासाठी नाही. मी भाषांतर करून सांगितलं आणि आईने फोन बंद केला. दहा मिनिटांनी तिचाच आला. "सही केलीस ना? आधी ती कर. विमा मागाहून."

जन्मतारखेचा प्रश्न सोपा निघाला. तिथे 1 जानेवारी नव्हती एवढंच. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांचं वय म्हणे या गोलार्धात सरसकट 1 जानेवारीलाच वाढतं, खरा जन्म कधीचा का असेना. हे ऐकून मी अजिबात दचकलो नाही. माझ्या वडिलांच्या वर्गातली निम्मी मुलं 1 जूनला जन्मलेली आहेत, हेडमास्तरांच्या कृपेने.

उंचीपाशी मात्र ठेच लागली. घोडा मोजतात 'हँड'मध्ये, म्हणजे वितीपेक्षा कमी आणि मुठीपेक्षा जास्त, बरोबर चार इंच. मफिन 12.2. मी हिशेबनीस माणूस. बाराला चाराने गुणलं, वर दशांश दोनचे पाऊण इंच धरले आणि 49 इंच लिहून मोकळा झालो. कन्येने कपाळाला हात लावला. टिंबानंतरचे दोन म्हणजे दोन इंच. बारा पूर्णांक तीननंतर येतात ते थेट तेरा. म्हणजे मफिन 50 इंचांचा. शून्याचा शोध ज्यांच्या देशाने लावला त्यांनी असल्या लोकांचं राज्य दीडशे वर्षं सोसलं, असा एक विचार मनात येऊन गेला. जात होती 'वेल्श सेक्शन बी'. वेल्श तट्टांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. मीही सातवीपासून तुकडी ब. तिथे पहिल्यांदा मला मफिनविषयी आपुलकी वाटली.

पुढचा प्रश्न: घोड्याचा उपयोग कशासाठी? खाली चौकटी. रपेट, उड्या, शिकार, पोलो, पोनी क्लब. आणि मध्येच: जिमखाना. मी पुन्हा वाचलं. डेक्कन जिमखान्यावर घोडा नेऊन मी काय करणार? तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही! मग कळलं, की आपल्याकडून इकडे आलेल्या या शब्दाचा अर्थ इथे तट्टावर बसून खेळायच्या शर्यती असा झालाय. बटाटा चमच्यात धरून नव्हे, तर बादलीत टाकून वगैरे. मी खूण केली. हप्ता चार पौंडांनी वाढला. माहेरच्या शब्दाचे चार पौंड!

इथवर सगळी खोगीरभरती होती. खरं घोडामैदान पुढे होतं. तब्येतीचे प्रश्न आले.

घेण्याआधी आम्ही मफिनची पाच टप्प्यांची तपासणी करून घेतली होती. पशुवैद्य येतो, हृदय ऐकतो, डोळे बघतो, पाय मिनिटभर दुमडून धरतो आणि सोडल्या सोडल्या घोड्याला पळवतो, लंगडला तर टिपून घेतो. शेवटी रक्त काढून सहा महिने जपून ठेवतात. विकणाऱ्याने वेदनाशामक टोचून घोडा धडधाकट दाखवला असेल तर नंतर पकडता यावं म्हणून. मुलगी बघायच्या कार्यक्रमात 'जरा चालून दाखव बाळ' म्हणणाऱ्या आत्याबाईंनाही हे सुचलं नव्हतं. अहवालात तीन नोंदी होत्या: डाव्या मागच्या पायाला जुनी सूज, पोटाखाली त्वचेची एक बारीक गाठ, वजन गरजेपेक्षा जास्त. बाकी ठणठणीत.

अहवालाचे पैसे मी भरले होते, म्हणजे तो माझ्या बाजूने बोलेल अशी माझी समजूत होती. आणि खोटं लिहायचा प्रश्न नव्हता. इथे 2012 चा कायदाच आहे, की ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक आणि खरं द्यायचं. तेव्हा मी तिन्ही नोंदी प्रामाणिकपणे भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कंपनीतून बाईंचा फोन आला. आवाज इतका गोड, की आधी वाटलं बक्षीस लागलं.

"सर, तुमचा घोडा आम्ही आनंदाने घेऊ. फक्त डावा मागचा पाय वगळून."

"ठीक आहे."

"आणि उजवा मागचा."

"उजव्याला काहीच झालेलं नाही!"

"हो सर, पण जोडीचा अवयव आहे ना. एका बाजूला जे झालं ते दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतं."

गाठ पोटाखाली होती, त्यामुळे कातडी बाद. ही सारकॉइड नावाची गाठ, गाईंच्या एका विषाणूशी तिचा संबंध आहे म्हणतात. म्हणजे दोष गाईचा, भोग घोड्याला, भुर्दंड मला. वजन जास्त, म्हणून लॅमिनायटिस बाद. हा खुरांचा दाह फार वाईट. साखरेने भरलेलं कोवळं हिरवं गवत चापून खाल्लं की जाड तट्टांना हमखास होतो. म्हणून इंग्लंडभर वसंतात हिरव्यागार कुरणांत तोंडाला मुसकं बांधलेली तट्टं उभी असतात. आपल्याकडे मळणीत बैलाला मुसकं बांधतात, दाणे खाऊ नयेत म्हणून. इथे घोड्याला बांधतात, घोडा असल्याबद्दल.

मी कागदावर एक घोडा काढला आणि वगळलेला भाग पेन्सिलने काळा करत गेलो. शेवटी पुढचे दोन पाय, डोकं आणि शेपटी एवढं उरलं.

"शेपटी धरून ना?" मी फोनवर विचारलं.

"शेपटीबद्दल तुम्ही काही सांगितलेलं नाही, सर," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात किंचित अपेक्षा होती.

मग बाकीच्या कंपन्या धुंडाळल्या. सगळ्यात स्वस्त विम्यात घोडा मेला किंवा चोरीला गेला तरच पैसे. आजारी पडला तर तुमचं तुम्ही बघा. मधल्यात औषधपाणी होतं, दर दुखण्याला 3,000 पौंडांपर्यंत, तेही बारा महिने. तेराव्या महिन्यापासून तेच दुखणं वगळलेल्यांच्या पंगतीत जाऊन बसणार. सगळ्यात महागात घोडा कायमचा कामातून गेला तर भरपाईसुद्धा होती. पूर्वी अशी भरपाई घेतलेल्या घोड्याच्या अंगावर 'एल' हे अक्षर गोठवून उमटवत, पुन्हा कोणी त्याला धडधाकट म्हणून विकू नये म्हणून. बायको म्हणाली, "नको. आपल्याकडे निवृत्त माणसाला निदान शाल देतात."

स्वस्तातला घ्यावा असं माझ्या मनात होतं, तेवढ्यात पागेतल्या एका अनुभवी बाईंनी मला पोटशूळ समजावून सांगितला. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच जायला हवं, नाहीतर आतडं पिळवटतं आणि शस्त्रक्रियेचं बिल हजारो पौंडांत जातं. माणसाला इथे दवाखाना फुकट. माझ्या गुडघ्याची तारीख मिळायला अकरा आठवडे लागले. पण घोड्याचा डॉक्टर रात्री दोनला चिखल तुडवत तासाभरात हजर होतो. बिल त्याच्या मागून येतं, आणि तेही तितक्याच तत्परतेने.

त्याच बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली आणि माझी झोप गेली. डेव्हनमध्ये रात्री कशाला तरी घाबरून तीन घोड्यांनी कुंपण तोडलं, हमरस्त्यावर आले, एका गाडीला धडक झाली. कुंपण नीट होतं, मालकांची हयगय नव्हती. तरी 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1971 च्या प्राण्यांविषयीच्या कायद्याचा अर्थ लावून भरपाई मालकांच्याच गळ्यात टाकली. तेही पाचांपैकी तिघांच्या मताने! म्हणजे इतरांचं नुकसान भरून देणारा विमा आधी हवा, बाकी नंतर. ब्रिटिश हॉर्स सोसायटीचं गोल्ड सदस्यत्व घेतलं की त्यात तो 3 कोटी पौंडांपर्यंतचा मिळतो, हे कळल्यावर मी मफिनकडे नव्याने पाहिलं. पन्नास इंचांचा जीव, तोंडात गाजर, आणि करू शकणारं नुकसान 3 कोटी पौंड.

निर्णयाच्या रात्री नाशिकहून मामाचा फोन आला. मामा एलआयसीचा एजंट होता, आता निवृत्त. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्याने विचारलं, "मॅच्युरिटीला काय मिळणार?"

"काही नाही, मामा. वर्षाचा विमा. वर्ष संपलं की संपला."

"बोनस?"

"नाही. वर सरकारचा 12 टक्के विमाकर."

मामा बराच वेळ गप्प होता. "वय काय त्याचं?"

"चौदा. वीसच्या आसपास बऱ्याच कंपन्या आजारपण काढून टाकतात आणि फक्त अपघात ठेवतात."

"म्हणजे आजारी पडायच्या वयात आजारपण काढतात," मामा म्हणाला. "हुशार माणसं आहेत. आमच्या वेळी ही कल्पना कोणाला सुचली नाही."

शेवटी मधला घेतला, महिना 41 पौंड. फोनवरच्या गोड बाईंच्याच कंपनीचा. इतरांनीही तेच पाय वगळले होते, पण यांनी वगळताना निदान सर म्हटलं. छापील कागद आला. त्यात एक ओळ होती: पहिल्या चौदा दिवसांत झालेला कुठलाही आजार धरला जाणार नाही. आई म्हणाली, "आपल्याकडे सुतक दहा दिवसांचं. त्यांच्याकडे चौदा असेल."

आम्ही ते कडकडीत पाळलं. रोज सकाळी सहाला मी पागेत. खरारा करायचा, खूर साफ करायचे, लीद मोजायची. हो, मोजायची, पोटशूळाची पहिली बातमी लीदच देते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बायकोचा मेसेज यायचा, "सात. रंग चांगला." नवव्या दिवशी तो शिंकला. आम्ही तिघं तबेल्याबाहेर अर्धा तास उभे राहिलो, दुसरी शिंक येते का बघत. ती मला आली.

पंधराव्या दिवशी सकाळी आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तेवढ्यात पागेतून फोन. मफिनने दाराची कडी दातांनी काढली, अंगणात आला, एका बाईंच्या गाडीचं उघडं मागचं दार बघून मान आत घातली, गाजरांची पिशवी संपवली आणि पिशवीखालच्या सीटचं कापड ओरबाडून ठेवलं. मफिनची तब्येत उत्तम आहे, असंही त्यांनी सांगितलं.

मला खरं तर आनंदच झाला. आजार नाही, कातडी नाही, पाय नाही. निव्वळ इतरांच्या मालाचं नुकसान, आणि तेही पंधराव्या दिवशी! मी लगेच गोड बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगदी बसतं, सर. सीटचं बिल किती?"

"235 पौंड."

"आणि अशा दाव्यात तुमचा स्वतःचा वाटा पहिले 250."

मी 235 पौंड रोख दिले आणि पावती मफिनच्या फायलीत लावली. फोन ठेवण्याआधी बाईंनी आठवण केली, की पुढच्या वर्षीच्या अर्जात ही घटना लिहावी लागेल.

"लिहीन की," मी म्हटलं. "मागची सीट, डावी बाजू."

"म्हणजे उजवीही, सर," बाई म्हणाल्या.