धोरणाला धक्का न लावता संशोधन कसे करावे

सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करण्याची इच्छा आपल्या मनात निर्माण झाली असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पीएसएममध्ये, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकात, एम.डी. करताना, विद्यापीठात पीएच.डी.चा विषय शोधताना किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एकाच गल्लीतले पाच रुग्ण एकाच आठवड्यात पाहिल्यावर अशी इच्छा पुष्कळांना होते, आणि तिच्यापासून समाजाला सहसा काही अपाय होत नाही. अपाय होतो तो आपला निष्कर्ष शासनाच्या कानावर जाऊन एखादे धोरण बदलले तर. मग परिपत्रक काढावे लागते, निधीसाठी लेखाशीर्ष शोधावे लागते, कुणाचे तरी कंत्राट अडचणीत येते आणि हे सारे आपल्या एका निबंधापायी. विकसनशील देशात जन्म घेऊन यंत्रणेला एवढा ताप देणे बरे नव्हे, एवढे पटत असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी ऐकून घ्याव्यात.

विषयाची निवड स्वतः कधीही करू नये. स्वतः निवडायला गेलात, तर पंचगंगेच्या पुलावरून जाताना नाकाला जे कळते त्यावरच प्रश्न सुचेल, आणि शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी नदीत का जाते यासारख्या अभद्र विषयावर आपली उमेदीची वर्षे खर्ची पडतील. शिवाय त्यात नवे काही सापडण्याची आशाही नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, ते वजिराबादच्या केंद्रातून नळावाटे घरोघरी पोहोचले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीचा अभ्यास इतक्या बारकाईने झाला की ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली, आणि ती हिपॅटायटिस ई या प्रकारची होती हे पुढे मान्य झाले. पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, या विषाणूवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. म्हणजे कारण ठाऊक, मार्ग ठाऊक, गर्भवतींना धोका अधिक हेही ठाऊक, आणि हे सारे ठाऊक असलेली प्रयोगशाळा कोल्हापूरपासून हमरस्त्याने चार-पाच तासांवर. तरीही २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून हीच कावीळ पसरली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. मधल्या अर्धशतकाहून अधिक काळात ज्ञान आणि जलवाहिनी यांची कुठेही गाठ पडू न देण्याचे जे कसब आपण दाखवले आहे, ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पिढ्यान् पिढ्यांची साधना त्यामागे आहे. तिच्यात आपण विघ्न आणू नये.

इतके सांगूनही पंचगंगेचा मोह सुटत नसेल, तर नदीचा अभ्यास न करता नदीकाठच्या बायकांचा करावा. याला केएपी सर्वेक्षण म्हणतात: लोकांना काय ठाऊक आहे, त्यांना काय वाटते आणि प्रत्यक्षात ते काय करतात, याची विचारपूस. हातात टॅब घेऊन दारात उभे राहावे आणि स्वच्छ आवाजात वाचावे, "आपण पिण्याचे पाणी उकळता का? पर्याय: नेहमी, कधीकधी, कधीच नाही." घरातली बाई म्हणेल, "उकळाय गॅस काय फुकट येतोय व्हय? आणि नळाला पाणीच येतंय रात्री दोनला. त्ये आधी भरून तर घेऊ दे." या एका उत्तरात पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक, सिलिंडरचा भाव आणि त्या बाईची झोप अशा तीन गोष्टी आल्या, परंतु आपल्या टॅबवर तिन्हींपैकी एकीलाही रकाना नाही, आणि रकाना नसलेली गोष्ट अस्तित्वात नसते, हे संशोधनाचे पहिले तत्त्व आहे. 'कधीच नाही' यावर बोट ठेवून पुढच्या प्रश्नाकडे वळावे. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या साऱ्या बायकांची मोडलेली झोप 'जनजागृतीचा अभाव' या दोन शब्दांत मावते आणि भित्तिपत्रके लावण्याची शिफारस आपोआप तयार होते. भित्तिपत्रकाला आजवर कुणी विरोध केल्याचे ऐकिवात नाही. पालिकेचा नाही, कापड प्रोसेसिंगवाल्यांचा नाही, साखर कारखान्याचा तर नाहीच नाही.

निष्कर्ष मराठीत लिहिण्याचा अविचार करू नये. इंग्रजीत, आणि तेही अशा नियतकालिकात छापावेत की ज्याचा एक लेख उघडण्यासाठी डॉलरमध्ये पैसे मोजावे लागतात. म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती तो चुकून लागण्याचा संभव उरत नाही. लेख सर्वांसाठी खुला ठेवायचा असेल, तर ते पैसे लेखकाने भरायचे असतात. त्या रकमेत एखाद्या उपकेंद्राचे वर्षभराचे किरकोळ सामान येईल, हा हिशोब मात्र करत बसू नये. घाईही करू नये. उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात सुमारे दहा लाख बालकांवर 'देवता' नावाची चाचणी झाली. ठरावीक काळाने जीवनसत्त्व अ ची मोठी मात्रा दिल्याने बालमृत्यू कमी होतात का, हा तिचा एक मुख्य प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर जवळजवळ नकारार्थी होते. हे उत्तर 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले २०१३ साली. चाचणीच्या वेळी पाच वर्षांची असलेली मुले तोवर मिसरूड फुटण्याच्या वयाला पोहोचली होती. छापून आल्यावर चाचणीची अंमलबजावणीच नीट झाली होती की नाही यावर तज्ज्ञांत जुंपली, आणि जीवनसत्त्वाच्या मात्रा पूर्वीप्रमाणे चालू राहिल्या. संयम कशाला म्हणतात ते येथे पाहावे.

समजा, एवढ्या बंदोबस्तातूनही आपला लेख कुणी वाचलाच, तर अभ्यास देशी की परदेशी असा प्रश्न निघेल, आणि गंमत म्हणजे दोन्ही उत्तरांनी काम भागते. तंबाखूने तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो, याविषयी संघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या रुग्णांच्या आधारे केलेला अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९५५ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण आपले, डॉक्टर आपले, तंबाखूही आपलीच. छापखाना तेवढा साहेबाचा. त्यानंतर साठ वर्षांनी, २०१५ मध्ये, पाकिटांवरचा चित्रमय इशारा पृष्ठभागाच्या ८५ टक्के असावा की नाही हे तपासणाऱ्या संसदीय समितीच्या अध्यक्षांनी, तंबाखूमुळे कर्करोग होतो असे दाखवणारा एकही भारतीय अभ्यास नाही, सगळे परदेशातले आहेत, असे सांगितले. हे खासदार महाराष्ट्रातलेच होते, याचा आपल्याला सार्थ अभिमान असावा. इशारा शेवटी २०१६ च्या एप्रिलमध्ये मोठा झालाच; पण एक वर्ष मिळाले, आणि धोरणाच्या जगात एक वर्ष म्हणजे थोडे नव्हे.

उलट प्रकारही तितकाच उपयुक्त आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली आणि २००९ मध्ये तिचा निकाल लागला: आयुष्यात एकदा केलेल्या, एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गटाची तपासणी मात्र करण्यात आली नव्हती, त्यावरून पुढे नैतिकतेची चर्चा झाली. ती इंग्रजीत झाल्यामुळे त्या गटातल्या बायकांना तिचा उपद्रव झाला नसावा. त्या निकालाची दखल जगभर घेतली जाऊ लागली, २०२१ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीच आधी करावी अशी शिफारस केली, आणि आपल्याकडे २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी गावपातळीवर ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत ठरवून दिली. पीक मराठवाड्यात काढावे आणि धान्य जिनिव्हाला पाठवावे, याहून मोठे औदार्य कोणते?

आता काही वाईट उदाहरणांविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे, कारण तरुण वयात अशा माणसांचा प्रभाव लवकर पडतो. दिलीप महालनबिस नावाच्या एका बंगाली डॉक्टरने १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरलेला पाहिला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. अशा वेळी शासनाला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणे हा शिष्टसंमत मार्ग उपलब्ध होता. त्याऐवजी या गृहस्थांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि रुग्णांच्या आईबापांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. नियंत्रित चाचणी नाही, तुलनेचा गट नाही, डॉक्टरऐवजी नातेवाईक औषध पाजत आहेत. शास्त्राच्या दृष्टीने सगळाच अनागोंदी कारभार. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या द्रावणाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले, तो भाग वेगळा. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले २०२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, आणि येथे मात्र यंत्रणेचे वेळेचे भान वाखाणण्यासारखे आहे. सुदैवाने आपल्याकडच्या खेड्यांत अजूनही जुलाब झालेल्या माणसाला सलाईनची बाटली टांगल्याशिवाय बरे वाटत नाही आणि डॉक्टरलाही फी मागता येत नाही, त्यामुळे या शोधाने फारसे नुकसान झालेले नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले असल्याने अधिक घातक आहे. अभय आणि राणी बंग हे दांपत्य गडचिरोलीत जाऊन राहिले. सर्वेक्षण आटोपून परत येण्याचा मार्ग खुला असताना राहिले, हे ध्यानात घ्यावे. गावातल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवले. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ च्या आसपास आला आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. तरी बारा वर्षे काढता आली. २०११ मध्ये मात्र आशाताईंनी घरी जाऊन बाळ तपासण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. संशोधक एकाच जागी दीर्घकाळ राहिला, लोकांशी लोकांच्या भाषेत बोलला आणि अधिकाऱ्यांना दर भेटीत तेच ते सांगत राहिला की असे प्रकार घडतात. म्हणून मुक्कामाची सोय शक्यतो शहरातच करावी आणि चारला परतीची गाडी सांगून ठेवावी.

क्षयरोगाच्या बाबतीत मात्र आपली परंपरा उजळ आहे. क्षयाचा रुग्ण घरी ठेवून औषध दिले तरी आरोग्यधामात ठेवण्याइतकाच बरा होतो, घरच्यांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्येच दाखवले आणि जगातल्या आरोग्यधामांच्या खाटा रिकाम्या झाल्या. एवढी मोठी चूक एकदा घडून गेल्यावर आपण सावध झालो. औषध आठवड्यातून तीनदा न देता रोज द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सांगितले. आपण ऐकले ते २०१७ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना धान्य, डाळ, तेल दिल्यावर घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास घटले, हा 'रेशन्स' चाचणीचा निकाल २०२३ चा. भुकेल्याला जेवू घातल्याने तो धडधाकट राहतो, हे आपल्या आजीला विनाअनुदान ठाऊक होते. ते दहा हजारांवर माणसांवर सिद्ध करून झाल्यावर आपण रुग्णाला महिन्याला मिळणारे ५०० रुपये २०२४ मध्ये १००० केले. घरातल्या इतर माणसांच्या ताटाचा विचार सवडीने करता येईल, आणि २०२५ पर्यंत क्षयाचे उच्चाटन करण्याचे ठरले होते त्या वेळी ही सवड नेमकी कुठून काढायची, असला प्रश्न कार्यशाळेत विचारणाऱ्याला चहाच्या सुट्टीत बाजूला घ्यावे.

कार्यशाळेचे सांगायचे राहिलेच. प्रकल्पाच्या शेवटी निष्कर्ष प्रसृत करण्यासाठी एक दिवस राखून ठेवलेला असतो. तो ताराबाई पार्कातल्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात साजरा करावा. उद्घाटन लांबवावे, शाल-श्रीफळ सगळ्यांना पुरेल असे पाहावे, आकडेवारीचा तक्ता जेवणाच्या घंटेच्या बेतानेच पडद्यावर आणावा, म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वासापुढे सहसंबंध गुणांक फार वेळ टिकत नाही. आशाताईंना बोलवायचे असल्यास नोंदणीच्या टेबलावर बसवावे. त्यांना सभागृहात खुर्ची दिली, तर एखादी उठून विचारते, "मॅडम, गेल्या साली आमच्यातनं बाटलीतनं पाणी न्हेलासा, त्येचं फुडं काय झालं?" हा प्रश्न आपल्या संमतिपत्रात कुठेही नव्हता, तरीही त्याला उत्तर म्हणून नियतकालिकाचा दुवा पाठवतो असे सांगावे, तिचा मोबाइल क्रमांक आदराने लिहून घ्यावा आणि पुढच्या प्रकल्पासाठी दुसरे गाव निवडावे. एकट्या करवीर तालुक्यातच गावे भरपूर आहेत.