‘शेवटच्या बॅकच्या पुढे गेला की ऑफसाइड’ : हा नियम नाही

सांगली-मिरजेच्या फुटबॉल ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘ऑफसाइड सोप्या भाषेत. बॉल मिळाला तेव्हा फॉरवर्ड शेवटच्या बॅकच्या पुढे असेल, तर ऑफसाइड. गोली धरायचा नाही. शिट्टी वाजलीच पाहिजे.’ (फॉरवर्ड म्हणजे गोल करायला जाणारा, बॅक म्हणजे बचावपटू, गोली म्हणजे गोलकीपर.) सोपं आहे, पण चूक आहे. अशाच समजुतीपायी शाळेच्या मॅचला झेंडा घेऊन पळणारं पोरगं, म्हणजे लाइनमन, प्रेक्षकांच्या शिव्या खातं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक शब्द ‘बॉल मिळाला तेव्हा’. बघायचं असतं ते सहकाऱ्याने पास मारला त्या क्षणी कोण कुठे होतं. त्या क्षणी फॉरवर्ड बॅकच्या बरोबरीत असला आणि मग सुसाट सुटून पाच मीटर पुढे बॉल घेतला, तरी तो ऑनसाइडच. गॅलरीतल्या आपल्या नजरा बॉलमागे जातात. बॉल पोचेपर्यंत बॅक आपल्या गोलपासून पुढे सरकलेले असतात, फॉरवर्ड एकटा दिसतो आणि ओरडा सुरू होतो. लाइनमन बॅकच्या रेषेत राहून पळतो तो हा क्षण पकडायला. उलटंही खरं : पास निघताना जो पुढे होता, त्याने मागे येऊन बॉल घेतला तरी ऑफसाइडच.

बरोबरीत असणं १९९० पासून ऑनसाइड धरतात. स्वतःच्या हाफमध्ये किंवा बॉलच्या मागे असलेल्याला तर ऑफसाइड लागूच होत नाही.

आता गोली. नियम मोजतो तो शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी : फॉरवर्ड त्याच्या पुढे असला तर ऑफसाइड, आणि त्या मोजणीत गोलीही येतो. १९२५ पर्यंत तर फॉरवर्ड आणि गोलरेषेच्या मधे दोन नव्हे, तीन प्रतिस्पर्धी लागायचे. गोली सहसा सगळ्यांत मागे असतो, म्हणून दुसरा माणूस शेवटचा बॅक निघतो, एवढंच. गोली पुढे आला की हिशोब फिरतो. २०२२ च्या वर्ल्ड कपची पहिलीच मॅच आठवा, कतार विरुद्ध इक्वेडोर. तिसऱ्या मिनिटाला एनर व्हॅलेन्सियाने हेडरने गोल केला आणि व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफरीने) तो रद्द केला. गोली बॉलसाठी बाहेर आला होता, मागे कतारचा एकच खेळाडू उरला होता आणि त्याच चालीतल्या इक्वेडोरच्या मायकेल एस्ट्राडाचा पाय शेवटून दुसऱ्याच्या पुढे होता. बॅक मागे असूनही ऑफसाइड! मेसेजच्या हिशोबाने तो गोल धरला गेला असता.

थ्रो, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतोच.

राहिली शिट्टी. नुसतं ऑफसाइड जागेवर उभं राहणं गुन्हा नाही. तो खेळाडू बॉल खेळला, गोलीला बॉल दिसू नये असा आडवा आला, बॅकच्या अंगावर गेला किंवा पोस्टला लागून परतलेला बॉल त्याने मारला, तर गुन्हा. म्हणून लाइनमनला थांबून बघावं लागतं. झेंडा उशिरा वर गेला म्हणजे त्याचं लक्ष नव्हतं असं नाही. पुढचा खेळाडू खरंच खेळात येतोय का, हे तो बघत होता.