'हिंसा रक्तातच' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आठवडाभर फोंड्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. चिंपांझी टोळीयुद्ध करतात, आपला डीएनए त्यांच्याशी जवळजवळ ९९ टक्के जुळतो, म्हणजे हिंसा माणसाच्या रक्तातच, नीती बिती सगळा वरचा मुलामा, म्हणून मारणाऱ्याला दोष देऊ नका. काल भाच्याने विचारलं, मामा हे खरं काय?

टोळीयुद्ध खरंच आहे, लपवायचं कशाला. टांझानियात गोंबेला १९७४ ते ७८ मध्ये एका टोळीने आपल्यातूनच फुटून गेलेल्या टोळीतले नर एकेक करून संपवले, चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या टीमने ते नोंदवलं. माणसांनी केळी घातली म्हणून ते बिघडले असंही लोक म्हणायचे, पण २०१४ साली १८ टोळ्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या तेव्हा खुनांचा माणसाच्या ढवळाढवळीशी संबंध लागला नाही.

पण मग बोनोबो कुठे गेले? कांगो नदीच्या दक्षिणेला राहणारे हे एप, म्हणजे बिनशेपटीचे वानर, आपल्याला चिंपांझींइतकेच जवळचे, आणि त्याच अभ्यासात त्यांच्यात खुनाची फक्त एक संशयित केस निघाली. तेही संत नव्हेत, नरांची आपापसात भांडणं भरपूर होतात, पण दोन टोळ्या भेटल्या तर बऱ्याचदा एकमेकांचे केस साफ करत बसतात. डीएनएचाच हिशेब लावायचा तर हेही रक्तात धरा ना.

मेसेजला जोडलेला गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, नारळ पाडणाऱ्या माकडांचा व्हिडिओ तर इथे लागूच नाही, ती शेपटीवाली माकडं, एप नव्हेत. भारतातले रानटी एप म्हणजे ईशान्येकडचे हुलॉक गिबन.

आता मुलाम्याचं. मुलामा असता तर चिंपांझींकडे तो आला कुठून? हॉलंडमधल्या आर्नहेमच्या झूमध्ये प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी १९७० च्या दशकातच बघितलं की मारामारी संपली की मार खाल्लेल्याला तिसराच कुणीतरी येऊन कुशीत घेतो. आणि आयव्हरी कोस्टच्या ताई नावाच्या जंगलात आई मेलेली चिंपांझींची १८ पिल्लं दुसऱ्यांनी सांभाळल्याच्या नोंदी आहेत, त्यातली निम्मी नरांनी, आणि त्या नरांपैकी बाप फक्त एक निघाला! पाठीवर घेऊन फिरायचं, खाऊ वाटून द्यायचा, कुणी शिकवलं होतं त्यांना?

हे सगळं मला इतकं लागायचं कारण भाच्याच्या वर्गातला एक मुलगा रोज एका बारक्या पोराला बदडतो आणि वर हाच मेसेज दाखवून 'नेचर आहे' म्हणतो. भाच्या, त्याला ताईच्या जंगलातले ते नर सांग, आणि मार खाल्लेल्या पोराजवळ उद्या तू जाऊन बस.