सेसिलियाबाईंचं विरोधी मत

दोन दिवस झाले, सेसिलिया मुन्योस-पाल्मा या बाई डोक्यातून जात नाहीयेत. फिलिपिन्समधल्या बाटांगासच्या. १९३७ ला वकिलीच्या परीक्षेत देशात पहिल्या आल्या. मग सरकारी वकील, मग जज, आणि १९७३ ला थेट सुप्रीम कोर्टात, तिथेही पहिल्या महिला. नेमलं कोणी तर खुद्द राष्ट्राध्यक्ष मार्कोसने, ज्याने आदल्याच वर्षी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावून विरोधक आत टाकले होते.

१९७६ मध्ये मार्कोसला स्वतःच घटनादुरुस्ती सुचवून सार्वमत घ्यायचं होतं, प्रकरण कोर्टात गेलं, ८ जजनी याचिका फेटाळल्या आणि विरोधात दोघंच, टीहँकी आणि या बाई. मार्शल लॉखाली लोक भीतीच्या वातावरणात मत देतात, त्या मताला अर्थ काय, असं त्यांनी सरळ लिहिलं. ज्याने नेमलं त्याच्याच विरोधात! तारीख १२ ऑक्टोबर १९७६. आपल्याकडेही तेव्हा आणीबाणी होती आणि एप्रिलमध्येच आपल्या सुप्रीम कोर्टात न्या. खन्ना एकटे सरकारच्या विरोधात उभे राहिले होते, त्यामुळे वाचताना काटाच आला अंगावर.

विरोधी मत म्हणजे नुसती कागदावरची नोंद असं कोणी म्हटलं की मला अजिबात पटत नाही. १९८६ ला मार्कोस देश सोडून पळाला, नव्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनोंनी नवी घटना लिहायला आयोग नेमला आणि अध्यक्ष झाल्या याच बाई. मसुदा मंजूर झाला ४४ विरुद्ध २ मतांनी, १२ ऑक्टोबर १९८६ ला. बरोब्बर दहा वर्षं!! त्यातल्या सातव्या भागातलं १८वं कलम मी काल तीनदा वाचलं. मार्शल लॉ जास्तीत जास्त ६० दिवस, पुढे वाढवायचा तर संसदेची मंजुरी हवी, ४८ तासांत संसदेला कळवायचं, संसद तो रद्द करू शकते, कुठलाही साधा नागरिक कोर्टात जाऊ शकतो आणि कोर्टाने ३० दिवसांत निकाल द्यायचाच. शिवाय मार्शल लॉ लागला तरी घटना चालूच राहणार. हे काय एकट्या बाईंनी लिहिलेलं नाही, पण मार्शल लॉखालचं कोर्ट आतून बघितलेलं माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत होतं, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

२००६ ला बाई गेल्या. २०१७ ला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेने दक्षिणेकडच्या मिंडानाओत मार्शल लॉ लावला तेव्हा लोक याच कलमाखाली कोर्टात गेले, निकाल महिन्याच्या आत आला पण सरकारच्या बाजूने आला, त्याचं वाईट वाटतंच. त्या निकालालाही विरोधी मतं जोडलेली आहेत, त्यातलं एक तेव्हाच्या सरन्यायाधीश मारिया लूर्देस सेरेनो यांचं.