माफी कापली, विचारलं कुणी?

सोलापूरच्या पार्क चौकात काल रात्री विषय निघाला तो एका कैद्याचा. चांगलं वागलं की शिक्षेतून कमी होतात ते माफीचे दिवस जेलनं त्याचे कापले, म्हणून तो कोर्टात गेलाय. तोंडातली भजी गिळायच्या आधीच अप्पानं निकाल दिला, "जेलात जाऊन वर कोर्टात? सासुरवाडी वाटली काय बे?"

सिद्राम म्हणाला, "कोर्टानं दिलेली शिक्षा भोगालाय की तो. ही वरची कुणी दिली? तक्रार जेलची, चौकशी जेलची, निकाल जेलचा. त्याचं म्हणणं कुणी ऐकलं?"

"शिस्त नको का? शिस्त पाहिजे!" अप्पा प्रत्येक वाद 'शिस्त' या एका शब्दावर जिंकतो, आणि आवाज चढवतो.

"१८९४ चा तुरुंगांचा कायदा बघ. कलम ४६. बेड्या, कोठडी, तीस फटक्यांपर्यंत मार, सगळं आहे त्यात. दिल्लीच्या तिहार जेलातल्या सुनील बत्रा या कैद्यानं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, वॉर्डरनं दुसऱ्या कैद्याचा छळ केला म्हणून. कोर्टानं पत्रालाच याचिका मानलं. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी सांगितलं, एकांत कोठडी द्यायची, सवलती काढायच्या, तर सेशन्स जज्जानं तपासलं पाहिजे."

"गुन्हेगारांचे लाड!"

"आपल्या गावची चार माणसं १९३१ ला येरवड्यात फासावर गेली. इंग्रज पण त्यांना गुन्हेगारच म्हणत होते की."

अप्पा गप्प झाला. माझं मन सिद्रामच्या बाजूनं आहे. माफीचे दिवस गेले की सुटकेची तारीख पुढे ढकलली जाते आणि भेटीला आलेल्या बायकोला नवी तारीख सांगावी लागते. त्याआधी त्या माणसाला निदान 'तू काय केलंस' एवढं तरी विचारायला हवं.

तेवढ्यात गुरुनाथनं जुनं उकरलं. "अप्पा, सोसायटीनं तुला पार्किंगचा पाचशे दंड लावला, तेव्हा उपनिबंधकाकडं कोण गेलं होतं बे?"

"ते वेगळं! मला नोटीसच दिली नव्हती!"

सिद्रामनं नुसतं बघितलं. आम्ही हसायला लागलो, तर टपरीवाला मल्लूमामा उधारीची वही घेऊन पुढे आला. "अप्पा, तुमच्या नावावर अठरा चहा."

"अठरा? मला न विचारता लिहिलंस?"

"जा कोल्हापूरला!" सगळे एकदम ओरडले. "हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय तिथं, मुंबईचं भाडं वाचेल!"

अप्पानं चहाचे पैसे आमच्यावर ढकलले आणि शिस्तीत स्कूटरला किक मारली.