अक्षरांना मुंडावळ्या

एप्रिल लागला की कोकणात आंब्याच्या पेट्यांबरोबर आणखी एक माल बाजारात उतरतो, नटवलेली इंग्रजी अक्षरं. आंबेवाल्याच्या स्टेटसवर, होमस्टेच्या नावात, बोटिंगवाल्याच्या इन्स्टावर. कुठे लफ्फेदार, कुठे चौकोनात बसवलेली, कुठे चक्क उलटी टांगलेली. मग वाडीत ज्याला मोबाइलमधलं कळतं असा लोकांचा समज असतो, त्याच्याकडे मागणी येते, "माका पण तसाच लिवन दी रे." आमच्या वाडीत हा समज माझ्याबद्दल आहे. तो दूर करायचे माझे प्रयत्न चालूच असतात.

'फॉण्ट बदलून दे' असं सगळे म्हणतात, पण फॉण्टला कुणी हातही लावलेला नसतो. आपण साधं 'ए' टाकतो, अक्षरं नटवून देणारी साइट ते काढून त्या जागी युनिकोडमधलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतलं, वेगळंच चिन्ह ठेवते. यातली लफ्फेदार चिन्हं बहुतेक २००१ साली युनिकोडच्या ३.१ आवृत्तीत आली, ती गणितवाल्यांच्या सोयीसाठी. त्यांच्या समीकरणात साधा एच म्हणजे चुंबकीय क्षेत्र आणि लफ्फेदार एच म्हणजे हॅमिल्टोनियन, एकूण ऊर्जेशी संबंधित राशी. दोन्ही एकाच ओळीत आले तर गोंधळ नको, म्हणून दोघांना वेगळे क्रमांक. त्या लफ्फेदार एचने पुढे हर्णैची सुरमई विकायची आहे, हे तेव्हा कुणाच्या गावीही नसणार.

आता गंमत अशी, की या लफ्फेदार संचात ११ खाचा आहेत. बी, ई, एफ, एच, आय, एल, एम, आर ही आठ मोठी आणि ई, जी, ओ ही तीन छोटी अक्षरं युनिकोडमध्ये आधीच दुसरीकडे होती, म्हणून इथे त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या. नीट बनवलेली साइट ती तिकडून आणून देते. आळशी साइट नुसती क्रमांकांची बेरीज करत जाते आणि मोकळ्या जागी रिकामी चौकट उमटते. मालवणचा एम जातो. रत्नागिरीचा आर जातो, शिवाय मधला जीही जातो. हर्णैचा एच, दापोलीचा ओ. देवगडचे ई आणि जी दोन्ही. चिपळूण तेवढं अख्खं बाहेर पडतं, पण चिपळूणकरांनी लगेच फुशारू नये. जुनं जर्मन वळण निवडलं की त्यांचाही सी गायब, कारण त्या संचात सी, एच, आय, आर आणि झेड नाहीत. उपाय सोपा आहे: त्याच वळणाचा ठळक संच घ्यायचा. ठळक संचात एकही खाच नाही.

चौकोनी अक्षरांचा एक प्रकार तर याहून इरसाल. ही अक्षरं मुळात देशांचे झेंडे दाखवण्यासाठी आहेत. दोन शेजारी आली आणि ती जोडी एखाद्या देशाचं संक्षिप्त नाव निघाली, की फोन तिथे झेंडा फडकवतो. देवगडची इंग्रजीत सहा अक्षरं. डीई म्हणजे जर्मनी, व्हीजी म्हणजे ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, एडी म्हणजे अँडोरा. हापूसच्या जाहिरातीवर तीन परदेशी झेंडे आणि देवगड कुठेच नाही! मालवण मोरोक्को आणि लाटव्हियात विभागून जातं. सिंधुदुर्गात स्लोव्हेनिया आणि हंगेरी घुसतात. प्रत्येक अक्षरानंतर एक जागा सोडली की झेंडे उतरतात.

"ह्या सगळा इंग्रजीत कित्याक? मराठीत कर," असंही कुणी सुचवतं. केलं असतं. पण देवनागरीला असे नटवे संच युनिकोडने दिलेलेच नाहीत. मराठी टाकलं की बहुतेक साइट जसंच्या तसं परत देतात. त्यातल्या त्यात उत्साही साइट अक्षरं उलट्या क्रमाने लावून दाखवते, आणि तिथे खरी दाणादाण. रत्नागिरी आपल्याला चार अक्षरांची दिसते, पण आत नऊ तुकडे आहेत: र, त, हलंत, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. उलटं केलं की सुरुवातीलाच दुसरी वेलांटी येते. टेकायला अक्षर नाही म्हणून ती टिंबांच्या वर्तुळाला धरून उभी राहते, आणि मागून 'रिगान्तर' येतं. अक्षरांत जागा सोडणारी साइटही हेच करते. काने, वेलांट्या सगळ्या वर्तुळांच्या आश्रयाला.

दिसण्यावर सगळं निभावलं असं धरलं, तरी पुढचा हिशोब राहतोच. मुंबईच्या गिऱ्हाइकांना एसएमएस पाठवणाऱ्यांनी तर कानाला खडा लावावा. एका एसएमएसात साधी इंग्रजी अक्षरं १६० मावतात. एक देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७०. गणिती अक्षर दोघांची जागा अडवतं, म्हणजे नुसत्या नटव्या मजकुराची मर्यादा ३५. तेवढ्यात 'नमस्कार, पेट्या तयार आहेत' एवढंच होतं, पत्ता दुसऱ्या एसएमएसात. शिवाय ज्यांना दिसत नाही ते टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावून फोन ऐकतात. त्यांना एकेका अक्षराचं गणिती नाव ऐकायला मिळतं, नाहीतर काहीच नाही. हे मला खरंच पटत नाही. थाळीचं नाव ऐकायला कुणी बीजगणित का सोसावं?

व्हॉट्सॲपवर मराठी ठळक हवं असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी द्यावी: *हापूस*. चांदणी आणि शब्द यांच्यात जागा राहिली की नुसत्या चांदण्या दिसतात. तिरकं हवं तर खालची रेघ, _हापूस_. खरीच नटवी मराठी अक्षरं हवीत, तर चित्र बनवावं. 'एक टाइप' या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' फॉण्ट फुकट मिळतो, गणपतीच्या बॅनरला अगदी फिट्ट. जाड, गुबगुबीत, आत जेमतेम पांढरी फट. मोठ्या अक्षरातच वापरायचा, बारीक केला की फट बुजते आणि नुसते गोळे उरतात. चित्राखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाकावा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतो.

फोन नंबर मात्र कुठल्याही परिस्थितीत साधाच. गणिती आकड्यांवर बोट ठेवून फोन लागेलच याची खात्री नाही. भावाची काळजी नको; लफ्फेदार संचात आकडेच नसल्यामुळे डझनाचा भाव साधाच राहतो, तो बघून गिऱ्हाइकाचे डोळे फिरले तर त्यात अक्षरांचा दोष नाही.