तिकीट नेमकं कशाचं काढलं होतं?

एखाद्या गायकावरचा चरित्रपट येतो, समीक्षक नाकं मुरडतात, थिएटरं मात्र भरतात, आणि मग तो ठरलेला दावा फिरायला लागतो: ‘समीक्षकांना काही कळत नाही. बोहेमियन ऱ्हॅप्सडी आठवा. सगळ्यांनी झोडपला, लोकांनी डोक्यावर घेतला. ९० कोटी डॉलर, ४ ऑस्कर. विषय संपला.’ फ्रेडी मर्क्युरी आणि त्याच्या क्वीन या बँडवरच्या २०१८ च्या चित्रपटाचं नाव काढलं की समोरचा गप्प बसतो, असा अनुभव असावा. मी गप्प बसणार नाहीये. तो चित्रपट मी थिएटरात पाहिला आणि लाइव्ह एड या १९८५ च्या मदतनिधी मैफलीच्या प्रसंगात माझ्या अंगावर काटा आला, हे आधीच सांगून टाकते.

‘सगळ्यांनी झोडपला’ हे मुळात खरं नाही. समीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांचा आकडा ६० च्या आसपास आहे. आपल्याला आकडा दिसला की दहावीचा निकाल दिसतो, पण हे १०० पैकी ६० गुण नव्हेत. दहातल्या सहा समीक्षकांना चित्रपट बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. फ्रेडी झालेल्या रामी मालेकच्या कामाचं कौतुक तर नापसंती कळवणाऱ्यांनीही केलं. शिवाय गोल्डन ग्लोबमध्ये नाट्यपूर्ण चित्रपटाचा सर्वोच्च पुरस्कार यालाच मिळाला, आणि तिथे तेव्हा मतं द्यायचे ते परदेशी पत्रकारच.

९० कोटींचा आकडा खरा आहे, थोडा जास्तच भरेल. पण हे पैसे लोकांनी कशासाठी मोजले? पडद्यावर मालेक ओठ हलवतो, ऐकू येतो तो बराचसा खुद्द फ्रेडी. जिथे त्याचं ध्वनिमुद्रण हाताशी नव्हतं तिथे मार्क मार्टेल या गायकाने आवाज भरलाय. २०१८ च्याच नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे डॉ. काशिनाथ घाणेकरांवरचा चित्रपट लागला होता. तिथल्या शिट्ट्या पटकथेला होत्या की घाणेकरांच्या गाजलेल्या लाल्याला? कमाई हाच निकष मानायचा तर रॉकेटमॅनचं काय करायचं? २०१९ चा, एल्टन जॉनवरचा. समीक्षकांनी तो जास्त वाखाणला आणि कमाई बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या पाव हिश्श्याच्याही आत राहिली. गंमत म्हणजे त्याचा दिग्दर्शक डेक्स्टर फ्लेचर. बोहेमियन ऱ्हॅप्सडीचं चित्रीकरण संपण्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, दिग्दर्शक ब्रायन सिंगरला काढून टाकलं, तेव्हा उरलेलं काम याच फ्लेचरने पुरं केलं होतं. म्हणजे एकच माणूस एका वर्षात चौपट बिघडला, असं म्हणायचं का?

ऑस्करचं तर नीट वाचलं की दाव्याचीच पंचाईत होते. नामांकनं ५ होती: चित्रपट, अभिनेता, संकलन आणि ध्वनीची दोन. पहिलं सोडून चारही मिळाली. समीक्षकांची तक्रार होती पटकथेबद्दल आणि दिग्दर्शनाबद्दल, आणि या दोन विभागांत साधं नामांकनही नव्हतं. मग ऑस्कर देणाऱ्या अकादमीने समीक्षकांना खोटं पाडलं ते कसं? संकलनाच्या पुरस्काराबद्दल फार बोलत नाही. बँड आणि मॅनेजर यांच्या पहिल्या भेटीचा तो प्रसंग शोधून पाहा, कॅमेरा माशी हाकलल्यासारखा इकडून तिकडे उडतो. त्या प्रसंगात दोष राहिले हे संकलक जॉन ऑटमन यांनीही मान्य केलं आहे.

आता खरा मुद्दा. ‘हा चित्रपट आहे, माहितीपट नव्हे, तारखा कसल्या तपासता?’ मान्य. ‘वुई विल रॉक यू’ हे गाणं १९७७ चं, चित्रपटात ते १९८० मध्ये तयार होतं. होऊ दे. बास गिटारवादक जॉन डीकन १९७१ मध्ये बँडमध्ये आला, इथे तो पहिल्यापासूनच आहे. सोयीसाठी केलंय, कोणाचं काही बिघडत नाही. पण चित्रपटात फ्रेडी स्वतःचा अल्बम करायला बँड सोडतो, जणू घर मोडतो, वाईट संगतीला लागतो, आजारी पडतो, परत येऊन माफी मागतो, एचआयव्हीचं सांगतो आणि मग १३ जुलै १९८५ ला, लाइव्ह एडसाठी, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमच्या मंचावर उभा राहतो. प्रत्यक्षात बँडचा ड्रमवादक रॉजर टेलरने १९८१ मध्येच स्वतंत्र अल्बम काढला होता, गिटारवादक ब्रायन मेनेही १९८३ मध्ये वेगळं काम केलं होतं. बँड फुटलाच नव्हता: १९८४ मध्ये ‘द वर्क्स’ हा अल्बम आला, जानेवारी १९८५ मध्ये ते रिओत वाजवत होते, मे महिन्यात जपानमध्ये. लाइव्ह एडला ते वर्षांनुवर्षांच्या खंडानंतर आले नव्हते, दौऱ्यावरून तापून आले होते. आणि एचआयव्हीचं निदान झालं ते १९८७ मध्ये, असं फ्रेडीचा जोडीदार जिम हटनने लिहून ठेवलंय.

दोन वर्षं मागे ओढलेली ही तारीख सोयीची नाही, ती अर्थच बदलते. आजार हा बंडखोरीचा आणि समलिंगी आयुष्याचा हिशेब होऊन बसतो: चुकला, भोगलं, पश्चात्ताप केला, टाळ्या मिळाल्या. कीर्तनातला उत्तररंग झाला हा! आणि जे खरोखर घडलं ते गळून जातं. निदानानंतर तो मोन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर ‘बार्सिलोना’ हा अल्बम करतो (१९८८), मग ‘द मिरॅकल’ (१९८९), मग ‘इन्युएंडो’ (फेब्रुवारी १९९१). २४ नोव्हेंबर १९९१ ला जातो. शरीर झिजत असताना माईकसमोर उभं राहण्याची ती चार वर्षं. नाट्य हवंच होतं ना? ते तिथे होतं.

‘पण मे आणि टेलर स्वतः चित्रपटात सामील होते, त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत?’ आपण मराठी माणसं गौरवग्रंथांवर वाढलोय, तरी हा प्रश्न पडावा? घरच्यांच्या देखरेखीखालच्या चरित्रात घरचे शहाणे असतात आणि भांडण काढणारा नेहमी दुसराच असतो, इथे तर तो हयातही नव्हता.

आपल्याकडे या दाव्याला एक शेपूट असतं: ‘पाचगणीत शिकलेला आपला पोरगा, त्याच्या चित्रपटाला नावं काय ठेवता?’ झांझिबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच ‘फ्रेडी’ झाला, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायला लागला, हे खरंय. चित्रपट मात्र त्याला भेटतो थेट १९७० च्या लंडनमध्ये. आपल्या पोराचं कौतुक म्हणून मी जी वर्षं बघायला गेले असते, ती त्यात जवळजवळ नाहीतच.